काक्रापारची भट्टी एक दिवस बंद होईल, त्यानंतर?

भुसावळहून सुरतेकडे जाणारी गाडी नवापूरला थांबते, तेव्हा फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात असतो आणि अर्धा गुजरातेत. पुढे सोनगढ, मग व्यारा. मागच्या हिवाळ्यात या गाडीत माझ्यासमोर दोंडाईचाचे एक मिरची व्यापारी बसले होते, पायाशी लाल मिरचीची दोन पोती. व्यारा जवळ आलं तशी डब्यात काक्रापारच्या अणुवीज केंद्राची गोष्ट निघाली. स्फोट, किरणं, कॅन्सर, नेहमी निघतं ते सगळं निघालं. दोंडाईचाच्या दादांनी मात्र वेगळंच विचारलं, "सर, ती भट्टी बंद पडनी ते भंगारवालाले दी टाकतस का?"

डब्यातले दोघे-तिघे हसले. मला काही हसू आलं नाही. हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या सरकारांना फार उशिरा सुचला आणि त्या उशिराची किंमत ती आजही मोजताहेत. बारडोली येईपर्यंत मी जमेल तेवढं सांगितलं. तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेल्या माणसाला हे गाडीत अर्धवट सोडून उतरणं जड गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी आपला संबंध काय ते सांगतो. काक्रापार गुजरातेत आहे, पण ते ज्या नदीवर आहे ती आपली तापी. हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा करत ती उकाईच्या धरणात जाते आणि तिथून खाली काक्रापारच्या बंधाऱ्याला पोचते. केंद्र आपल्या खालच्या अंगाला असल्यामुळे तिथलं पाणी उलटं आपल्याकडे येण्याचा प्रश्न नाही. तरी नवापूरच्या माणसाला व्यारा परकं नाही. तिथले 220 मेगावॅटचे पहिले दोन संच 1993 आणि 1995 मध्ये सुरू झाले. 700 मेगावॅटचे दोन नवे संच 2023 आणि 2024 मध्ये व्यावसायिक उत्पादनाला लागले. अशा केंद्राचं आयुष्य चाळीस वर्षं धरतात. दुरुस्ती करून ते वाढवता येतं, तरी कधीतरी शेवटचा दिवस येतोच.

दीपनगरला कोळशावरचे जुने संच बंद झाले, तसं इथे होत नाही का? जळगावची खान्देश मिल बंद पडली, तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. यंत्रं विकली, भिंती पाडल्या, जमीन मोकळी झाली. अणुकेंद्राच्या बाबतीत हा सरळ रस्ता दोन गोष्टींमुळे अडतो आणि त्या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात.

पहिली गोष्ट म्हणजे दूषितपणा. किरणोत्सारी पदार्थाचे कण पाइपाच्या आतल्या बाजूला, पंपात, जमिनीवर, भिंतीच्या रंगावर बसतात. होळीचा रंग भिंतीच्या पोपड्यांत शिरावा, तसं हे. हा मळ पुसता येतो, धुता येतो, खरवडता येतो. कामगार तळहाताएवढी कागदाची गोल चकती घेऊन ठरावीक जागा पुसतो, ती चकती मोजयंत्राखाली धरतो आणि आकडा वहीत लिहितो. मग पुढची जागा, पुन्हा चकती. एका इमारतीत असे हजारो नमुने घ्यावे लागतात. काँक्रीटच्या जमिनीत मळ मुरला असेल तर वरचा थर यंत्रानं तासून काढतात. उडणारी धूळ हवेत जाऊ नये म्हणून लगेच शोषून घेतात, आणि ती धूळसुद्धा पिंपात भरून कचरा म्हणून नोंदवतात.

दुसरी गोष्ट अशी की भट्टीच्या पोटात वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा खाऊन पोलाद आणि काँक्रीट स्वतःच किरणोत्सारी होतात. तिथे मळ वरून बसलेला नसतो, खुद्द धातूच बदललेला असतो. पोलादात थोडा कोबाल्ट असतो, त्याचा किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतो. असा पाइप कितीही घासा, उपयोग नाही. एक तर काळ जाऊ द्यायचा, नाही तर दूर उभं राहून, पाण्याखाली किंवा यंत्राच्या हातांनी कापायचा.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना मी हे केळीवरच्या सीएमव्ही या विषाणूच्या रोगाच्या उदाहरणानं सांगतो. रोगट झाड उपटलं म्हणजे काम संपलं असं नसतं. ते बांधावर टाकलं तर बाग वाचत नाही. ते लांब नेऊन पुरावं किंवा जाळावं लागतं, विळासुद्धा साफ करावा लागतो. इथवर उदाहरण जुळतं. पुढे मात्र मोठा फरक आहे. विषाणू वाढत जातो, किरणोत्सार आपोआप घटत जातो. आणि किरणोत्सारी वस्तू जाळून किरणोत्सार नष्ट होत नाही, आकार तेवढा कमी होतो.

हा घटण्याचा वेग आपल्या हातात नसतो. कोबाल्ट-60 दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. पन्नासेक वर्षं थांबलं तर हजारातला एक भाग उरतो. इंधनातून येणारा सीझियम-137 निम्मा व्हायला तीस वर्षं घेतो, म्हणजे तेवढंच घटायला त्याला तीनशे वर्षं लागतील. प्लुटोनियम-239 ला निम्मं व्हायलाच सुमारे 24 हजार वर्षं लागतात. भट्टीत वीज तयार झाली असेल की शस्त्रासाठी प्लुटोनियम, यावर पुढचं सगळं गणित बदलतं ते यामुळे.

भट्टी मोडीत काढण्याचे मार्ग यातूनच निघतात. जळालेलं इंधन काढणं हे सगळ्यांत पहिलं काम, कारण केंद्रातल्या एकूण किरणोत्सारातला 99 टक्क्यांच्या आसपास भाग त्या इंधनातच असतो. ते काढल्यावर काही देश लगेच तोडायला घेतात. काही देश इमारत कडेकोट बंद करून कित्येक दशकं तशीच ठेवतात आणि कोबाल्ट ओसरल्यावर कापतात. तिसरा मार्ग म्हणजे जागच्या जागी काँक्रीटमध्ये गाडून टाकणं. तो अपघातासारख्या अगदी नाइलाजाच्या वेळी वापरावा असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं म्हणणं आहे.

थांबणं शहाणपणाचं वाटतं. कामगाराला किरणं कमी लागतात, खर्च पुढे ढकलला जातो. पण थांबण्याच्या काळात इमारतीचं काय होतं? एका बोगद्याची हकिकत सांगतो, ती भुसावळच्या रेल्वेवाल्यांना विशेष कळेल.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाची जागा आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथे तयार झालं. प्लुटोनियम वेगळं काढणाऱ्या कारखान्यात यंत्रांचे मोठे भाग निकामी होत, आणि ते इतके किरणोत्सारी असत की माणसाला जवळ जाता येत नसे. मग त्यांनी काय केलं, तर 1950 च्या दशकात कारखान्याला लागून एक बोगदा बांधला. भिंती आणि छत मोठमोठ्या लाकडी ओंडक्यांचं. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांना लावतात तसल्या काळ्या तेलात मुरवलेलं लाकूड, वर मातीचा भराव. आत रेल्वेचे रूळ. निकामी यंत्र मालगाडीच्या उघड्या डब्यावर चढवायचं आणि तो डबा बोगद्यात ढकलायचा. असे आठ डबे आत गेले. 1965 पर्यंत बोगदा भरला, दार बंद झालं. शेजारी त्याहून मोठा दुसरा बोगदा बांधला, त्यातही डबे भरले गेले.

पुढे काय करायचं ते नंतर ठरवू, असं म्हणून सोडून दिलं. लाकूड कुजत राहिलं. आतल्या किरणांनीही ते कमकुवत होत होतं, हे अभ्यासकांनी लिहूनही ठेवलं होतं. मे 2017 मध्ये पहिल्या बोगद्याच्या छताचा वीसेक फुटांचा तुकडा आत कोसळला. हजारो कामगारांना दारं-खिडक्या लावून जिथे आहेत तिथे आतच बसायला सांगितलं. सुदैवानं किरणोत्सार हवेत पसरल्याचं आढळलं नाही. घाईघाईनं त्या खड्ड्यात माती भरली, वर प्लास्टिकचं आच्छादन घातलं आणि पुढच्या काही महिन्यांत सगळा बोगदा पातळ सिमेंटच्या मिश्रणानं भरून टाकला. नंतर दुसराही भरला. डबे आतच आहेत, आता सिमेंटात गाडलेले. कधीतरी ते बाहेर काढायचे ठरलं तर काम आधीपेक्षा अवघड झालेलं असेल.

या बोगद्याची जागा गुप्त नव्हती. तो यादीत होता, त्यावर अहवाल होते. नव्हती ती कामाची तारीख आणि त्या तारखेला बांधलेला पैसा. सरकारी नियोजन इथेच पांगळं पडतं, असं मला मनापासून वाटतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी नोकरी केली त्यांना जडसंग्रह नोंदवही ठाऊक असेल. खुर्ची मोडली तरी निर्लेखन होईपर्यंत ती नोंदवहीतून जात नाही. ती खोलीच्या कोपऱ्यात पडून राहते, कारण दुरुस्तीला तरतूद नाही आणि टाकून द्यायला मंजुरी नाही. आता खुर्चीच्या जागी युरेनियम आणि पाऱ्यानं माखलेली चार मजली इमारत ठेवून पाहा. अमेरिकेत ओक रिज इथे 1940 च्या दशकातली अल्फा-5 नावाची अशीच एक इमारत वर्षानुवर्षं उभी राहिली, छत गळतंय आणि आत पाणी मुरतंय अशा अवस्थेत. ज्या खात्याच्या ताब्यात ती होती त्याचं मुख्य काम अण्वस्त्रांच्या उत्पादनाचं, म्हणून बंद इमारतीवर खर्च करायला ते नाखूश. साफसफाईचं वेगळं खातं आहे, पण त्याच्या यादीत आधीच इतकं काम की नवी इमारत ताब्यात घ्यायला ते तयार नाही. या ओढाताणीत छत गळत राहतं, पाणी दूषित होऊन खाली झिरपतं, आणि पाडायचा खर्च दरवर्षी वाढतो. अखेर तिथल्या संसदेनं आर्थिक वर्ष 2016 च्या संरक्षण कायद्यात ऊर्जा विभागाला बजावलं, की वापरात नसलेल्या अशा सगळ्या इमारतींचा आराखडा दर दोन वर्षांनी सादर करा: कोणती इमारत किती धोकादायक, कोणती आधी घ्यायची, खर्च किती.

असा आराखडा करताना मोठी अडचण माहितीची येते. पन्नास वर्षांपूर्वी कुठला पाइप कुठे वळवला, कुठल्या खोलीत काय सांडलं, हे नकाशावर असेलच असं नाही. ते तिथल्या फिटरला, सुपरवायझरला ठाऊक असतं. तो निवृत्त झाला, वारला, की ती माहिती गेली. भट्टी थंड व्हायला पन्नास वर्षं थांबायचं म्हटलं तर तिला ओळखणारा एकही माणूस तोपर्यंत उरत नाही. म्हणून भट्टी चालू असतानाच कागद नीट ठेवा, शेवटच्या पाळीतल्या माणसांकडून सगळं विचारून लिहून घ्या, यावर आता सगळीकडे भर देतात. उशिरा सुचलं, पण चांगलं सुचलं.

नियोजनानं किती फरक पडतो त्याचं चांगलं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. डेन्व्हर शहराजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात बॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे बनत. तो साफ करायला 36 अब्ज डॉलर आणि 65 वर्षं लागतील, असा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात काम 2005 मध्ये सुमारे 7 अब्ज डॉलरमध्ये संपलं. शेवटी ही जमीन कशासाठी वापरायची हे आधी ठरलं होतं. तिथे घरं बांधायची नव्हती, वन्यजीवांसाठी राखीव जागा ठेवायची होती, त्यामुळे किती खोल साफ करायचं याचं उत्तर मिळालं. ठेकेदाराचा मोबदला काम लवकर संपवण्याशी बांधलेला होता. पण हेही सांगायला हवं, की कारखान्याचा मधला भाग आजही लोकांसाठी बंद आहे आणि खोल जमिनीत काय सोडलं यावरून तिथले लोक अजून भांडतात. पैसे वाचले ते काही अंशी कमी खोल साफ केल्यामुळे वाचले.

आणि हॅनफर्ड? तिथे जमिनीखाली 177 टाक्यांत सुमारे 21 कोटी लिटर किरणोत्सारी कचरा भरून ठेवलेला आहे. काही टाक्या गळल्या आहेत. केंद्र सरकारचा ऊर्जा विभाग, पर्यावरण खातं आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात 1989 मध्ये करार झाला, त्यात कामाच्या तारखा घातल्या. त्या तारखा पुनःपुन्हा पुढे गेल्या. उरलेल्या कामाचा 2019 चा अंदाज 323 ते 677 अब्ज डॉलरचा होता. अंदाजाची दोन टोकं एकमेकांपासून इतकी लांब असणं, यातूनच कळतं की जमिनीखाली नेमकं काय आहे ते अजून उमगलेलं नाही.

अपघात झालेली भट्टी तर आणखी वेगळी. जपानमध्ये फुकुशिमाच्या तीन भट्ट्यांत वितळलेलं इंधन आणि राडारोडा मिळून सुमारे 880 टन आहे. 2011 च्या अपघातानंतर त्यातला पहिला नमुना बाहेर काढायला नोव्हेंबर 2024 उजाडलं, आणि त्याचं वजन एक ग्रॅमही नव्हतं.

आता आपल्या देशाचं पाहू. भारतात अणुवीज केंद्र मोडीत काढण्यासाठी विजेच्या दरात प्रति युनिट 2 पैसे धरलेले आहेत, गेली अनेक वर्षं. हिशोब करून पाहा. 220 मेगावॅटचा संच वर्षभर 80 टक्के क्षमतेनं चालला तर सुमारे 154 कोटी युनिट वीज होते. त्याचे 2 पैशांनी झाले 3 कोटी रुपयांच्या आसपास. चाळीस वर्षांचे 120 कोटींच्या वर, शिवाय त्यावरचं व्याज. मला ही रक्कम तुटपुंजी वाटते. परदेशात एकेका भट्टीला कित्येक हजार कोटी रुपये लागतात. आपल्याकडे मजुरी कमी आणि भट्ट्या लहान, हे मान्य केलं तरी अंतर फार आहे. जर्मनीनं 2017 मध्ये वीज कंपन्यांकडून 24 अब्ज युरोंहून जास्त रक्कम घेऊन वेगळा निधी उभा केला, तोही फक्त कचरा साठवण्यासाठी आणि पुरण्यासाठी. भट्ट्या तोडण्याचा खर्च कंपन्यांवर वेगळा राहिलाच.

भारताच्या महालेखापरीक्षकांनी 2012 मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळावर अहवाल दिला, तो या बाबतीत फार स्पष्ट आहे. भट्ट्या मोडीत काढण्याविषयीची मार्गदर्शक पुस्तिका मंडळानं 1998 मध्येच काढली होती. तरी त्यानंतर तेरा वर्षांनीही देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे तसा आराखडा नव्हता. तीस वर्षं चाललेल्या केंद्रांकडे नव्हता आणि बंद पडलेल्याकडेही नव्हता. त्यासाठी निधी राखून ठेवण्याची तरतूद 1962 च्या अणुऊर्जा कायद्यात नव्हती, हेही लेखापरीक्षकांनी नोंदवलं. ज्या भागात केंद्र आहे तिथल्या लोकप्रतिनिधींनी हा अहवाल वाचायला हवा.

आपल्याला या कामाचा काहीच अनुभव नाही असं मात्र नाही. तुर्भ्याची अप्सरा ही 1956 ची आशियातली पहिली अणुभट्टी बंद करून मोडीत काढली आणि 2018 मध्ये तिथे नवी अप्सरा सुरू झाली. ती छोटी, संशोधनाची भट्टी होती. काक्रापारच्या पहिल्या संचात मार्च 2016 मध्ये जड पाण्याची, म्हणजे भट्टी थंड ठेवणाऱ्या खास पाण्याची गळती झाली, त्यानंतर दोन्ही जुन्या संचांतल्या प्रत्येकी 306 नळ्या, ज्यांतून इंधन आणि जड पाणी जातं, त्या बदलण्यात आल्या. हे भट्टीच्या पोटातलं, सगळ्यांत जास्त किरणोत्सारी जागेतलं काम. आपल्या तंत्रज्ञांनी ते दूरवरून चालणाऱ्या यंत्रांनी पार पाडलं आणि 2018, 2019 मध्ये संच पुन्हा सुरू झाले. ज्याला हे जमतं त्याला पुढे भट्टी तोडणंही जमेल, एवढा भरवसा मला आहे.

वीज बनवणारी मोठी भट्टी आपण अजून पूर्ण मोडीत काढलेली नाही. राजस्थानात रावतभाट्याचा पहिला संच 2004 पासून बंद आहे. तारापूरचे पहिले दोन संच 1969 चे. आणि सरकारनं 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज करायचं ठरवलंय.

मिरचीवाल्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. भंगारात देतात का? मोजून, तपासून, मर्यादेच्या खाली आलेलं पोलाद आणि काँक्रीट खरंच भंगारात देता येतं, आणि केंद्राचा बराचसा भाग असाच निघतो. उरलेलं केंद्राच्याच आवारात काँक्रीटच्या खंदकांत आणि खोल नळकांड्यांत ठेवतात. त्याच्यावर शेकडो वर्षं पहारा लागतो. न मोजता दिलं तर काय होतं तेही आपण पाहिलंय. दिल्लीत एका विद्यापीठातलं कोबाल्ट-60 चं यंत्र 1985 पासून वापराविना पडून होतं. 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं आणि मायापुरीच्या बाजारात पोचलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतला चकचकीत धातू हाताळला. एक जण दगावला, बाकीच्यांना भाजल्यासारख्या जखमा झाल्या. त्या यंत्रावर काय लिहिलंय हे वाचणारं, ते यादीत कुठे आहे हे बघणारं पंचवीस वर्षांत कोणी नव्हतं.

उकाईच्या फुगवट्यात नवापूर-नंदुरबारकडची गावं गेली, तेव्हा धरणाच्या भिंतीचा नकाशा पक्का होता आणि उठलेली माणसं कुठे जाणार याचा कच्चा. नवापूरकडच्या जुन्या माणसांना ते अजून आठवतं. म्हणून काक्रापारबद्दल आपण आत्ताच विचारायला हवं: मोडीत काढण्याचा आराखडा लिहिला आहे का, तो शेवटचा कधी सुधारला, 2 पैशांची जमा आज किती झाली, आणि ती कुणाच्या खात्यात आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. दादा बारडोलीला पोती उतरवायला उठले, तेव्हा मी त्यांना अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं आणि त्यांनी मिरचीच्या पावतीच्या मागे उतरवून घेतलं.